प्रकल्प नोंदी: नारायण पेठेतल्या डीटीपी मशीनचा एसएमपीएस

शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५

काकांच्या डीटीपीत दिवाळी अंकाची पानं लागताहेत आणि मशीन मध्येच रिस्टार्ट होतंय. निळा स्क्रीन नाही, एरर नाही. खटकन अंधार, आणि पुन्हा लोगो. काकांच्या मते व्हायरस. पुतण्याच्या मते विंडोज १०, कारण १४ ऑक्टोबरला त्याचा सपोर्ट संपतोय आणि हल्ली जे काही बिघडेल ते त्याच्याच खात्यावर लिहायची पद्धत पडली आहे.

मशीनची कुंडली अशी: इंटेल आय५-१२४००, १६ जीबी रॅम, एक एसएसडी, एक जुनी हार्ड डिस्क. सुरुवातीला ग्राफिक्स कार्ड नव्हतं, प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्सवर भागत होतं. गेल्या वर्षी पुतण्यानं लग्नाचे व्हिडिओ एडिट करायला आरटीएक्स ३०६० बसवलं. एसएमपीएस, म्हणजे मशीनच्या भागांना वीज पुरवणारा डबा, मात्र तोच, कॅबिनेटसोबत जवळपास फुकटात आलेला, अंगावर ठळक '४५० वॉट'. दिवसा काकांचं श्रीलिपी, कोरल, इनडिझाइन. रात्री पुतण्याचं रेंडर, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची पक्की फाइल बनवणं.

इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडला. कर्नल-पॉवर ४१ ची रांग लागलेली. ही नोंद दिसली की लोक लगेच एसएमपीएसकडे बोट दाखवतात. ती नोंद फक्त एवढंच सांगते की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं. का, ते सांगत नाही. कामाच्या आहेत त्या वेळा. बहुतेक नोंदी रात्री अकरानंतरच्या, म्हणजे रेंडरच्या. दिवसाच्या थोड्या, त्याही अलीकडच्या आणि मोठी पीडीएफ एक्स्पोर्ट होत असतानाच्या. म्हणजे लोड आला की पडतंय, आणि हळूहळू कमी लोडलाही पडायला लागलंय. व्हायरसचा विषय मी इथेच मिटवला.

शनिवार, १३ सप्टेंबर

आधी बाकीच्यांना सुटका दिली. रात्रभर मेमटेस्ट लावून ठेवली होती, रॅम स्वच्छ. प्रोसेसरचं तापमान रेंडरमध्ये सत्तरीत, तेही ठीक. यूपीएस बाजूला काढून थेट भिंतीच्या सॉकेटवर चालवलं, तरीही रेंडर सुरू होताच रिस्टार्ट.

मग मल्टिमीटर. सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या व्होल्टेजवर माझा फारसा विश्वास नाही. मदरबोर्डचा सेन्सर कधीकधी काहीही सांगतो. मोलेक्सच्या, म्हणजे जुन्या चार पिनी कनेक्टरच्या, रिकाम्या टोकाला पिवळ्या (१२ व्होल्ट) आणि काळ्या वायरीत मीटर लावला. मशीन नुसतं चालू असताना ११.८२. पीडीएफ एक्स्पोर्टला ११.५५. रेंडर लावल्यावर ११.३१ पर्यंत उतरलं आणि मीटरवरचा आकडा वाचतो न वाचतो तोच अंधार. एटीएक्सच्या, म्हणजे ह्या एसएमपीएसच्या प्रमाणाच्या, नियमात १२ व्होल्टला पाच टक्के वरखाली चालतं, म्हणजे खालची हद्द ११.४०. शिवाय साधा मीटर सरासरी दाखवतो. क्षणभराचे खड्डे आणि वरची थरथर त्यात दिसतच नाही. मीटरवर ११.३१ असेल तर खरं चित्र त्याहून वाईट आहे, एवढं धरून चालायचं.

कार्डाची वायर पाहिली आणि अंगावर काटा आला. ह्या एसएमपीएसला ग्राफिक्स कार्डाची ६+२ पिन वायरच नाही. कार्ड बसवणाऱ्यानं दोन मोलेक्स जोडून एक ८ पिन करणारा जोड लावला होता. एका मोलेक्सचं पांढरं प्लास्टिक पिवळ्या वायरीच्या भोकापाशी तपकिरी पडलेलं, आणि नखानं दाबलं तर ठिसूळ. दोन्ही मोलेक्स एकाच वायरीवरचे, म्हणजे जोड दोन तोंडांचा असला तरी सगळा करंट येत होता एकाच पिवळ्या वायरीतून. वायरीवर २० एडब्ल्यूजी छापलंय. ह्यात आकडा वाढला की वायर बारीक. बऱ्या एसएमपीएसला १८ असते.

तेवढ्यात काका सहज म्हणाले, "कॅबिनेटला हात लावला की जरा झिणझिण्या येतात, पण ते काय, पहिल्यापासूनच आहे."

काका, ते आधी सांगायचं होतं! सॉकेटवर मीटर लावला. फेज-न्यूट्रल २३६ व्होल्ट, छान. फेज आणि अर्थ (अर्थिंग) यांच्यामध्ये आकडा नुसता भटकतोय. कॅबिनेटची बॉडी आणि बाथरूममधला लोखंडी नळ, मध्ये ११० च्या आसपास. जुना वाडा, तीन पिनांचं सॉकेट आहे, पण अर्थ बहुधा नावालाच. इलेक्ट्रिशियनला बुधवारी बोलावलंय. तोपर्यंत कुणीही अनवाणी कॅबिनेटला हात लावायचा नाही, आणि मशीन फक्त पानं लावायला, रेंडर बंद.

रविवार, १४ सप्टेंबर

एसएमपीएस बाहेर काढून टेबलावर ठेवला. हातात घेताच कळतं, आत फारसं काही नाही. जाळीतून टॉर्च मारला तर दोन कपॅसिटरची डोकी फुगलेली, एकावर वाळलेला तपकिरी थेंब. झाकण उघडलं नाही आणि उघडणारही नाही. २३० व्होल्टचं डीसी केलं की साधारण ३२५ होतं, आणि आतला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ ते धरून बसू शकतो.

काकांचा प्रश्न अपेक्षित होता: "कपॅसिटर बदलून मिळेल ना? तपकीर गल्लीत दोन-तीनशेत करतात." करतात, आणि चांगल्या कंपनीचा एसएमपीएस असता तर मी स्वतः घेऊन गेलो असतो. पण ह्याचं लेबलच वाचा म्हटलं, आणि कागद-पेन घेऊन त्यांच्यासमोर बसलो.

लेबल असं: ३.३ व्होल्ट १८ अँपिअर, ५ व्होल्ट २२ अँपिअर, १२ व्होल्ट १८ अँपिअर, उणे १२ व्होल्ट अर्धा अँपिअर, स्टँडबायचे ५ व्होल्ट २ अँपिअर. गुणाकार केला: ५९.४, ११०, २१६, ६ आणि १०. बेरीज ४०१ वॉट. सगळ्या ओळी एकाच वेळी पूर्ण ताकदीनं चालल्या, जे सहसा होत नाही, तरीसुद्धा अंगावरचे ४५० पुरे होत नाहीत. काकांनी चष्मा पुसून बेरीज पुन्हा केली. चाळीस वर्षं प्रूफं तपासणारा माणूस. आकड्यांवर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त अविश्वास.

पण खरी मेख बेरजेत नाही. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जेवतात. ३.३ आणि ५ वर एसएसडी, यूएसबी, असली किरकोळ मंडळी. पूर्वी मशीनचा बराचसा भार ५ व्होल्टवर असायचा. पेंटियम ४ च्या काळात, २००० साली, प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची वेगळी चार पिन वायर आली आणि चित्र पालटलं. स्वस्त एसएमपीएसची रचना अजून त्या जुन्या वाटणीवर अडकलेली असते. ह्याच्यात १२ व्होल्टला मिळतात २१६ वॉट. म्हणजे आपल्या कामाचा हा २१६ वॉटचा एसएमपीएस आहे, ४५० चा नाही.

मागणी किती? आय५-१२४०० ची वरची मर्यादा ११७ वॉट. आरटीएक्स ३०६० चे १७०. झाले २८७, म्हणजे १२ व्होल्टवर जवळजवळ २४ अँपिअर, जिथे लेबलच १८ म्हणतंय. मग वर्षभर चाललं कसं? काकांचं काम कार्डाला जागंही करत नाही आणि रेंडरमध्ये दोघं एकदम कमाल गाठतातच असं नाही, म्हणून. कपॅसिटर ताजे होते तोवर निभावलं.

सोमवार, १५ सप्टेंबर

नवा किती वॉटचा? २८७ मध्ये मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे यांचे पन्नास धरले की ३४० च्या आत. एनव्हिडिया स्वतः ३०६० ला ५५० वॉटचा सल्ला देते, आणि त्यात वरची मोकळी जागा धरलेलीच आहे. हल्लीची कार्डं मिलिसेकंदाहून कमी वेळासाठी आपल्या मर्यादेच्या बरंच वर उसळी मारतात, त्यासाठी मोकळी जागा हवी. ५५० पुरतो. ६५० दोन पैसे जास्त देऊन मिळाला तर घ्यावा, पुढचं कार्ड त्यावरच बसेल. ७५० आणि ८५० ह्या मशीनला कशाला?

पुतण्याला 'गोल्ड' हवाय, म्हणजे ८० प्लस ह्या कार्यक्षमतेच्या स्टिकरातली ब्राँझच्या वरची पायरी. हिशोब मांडला. समजा आतल्या भागांना ३०० वॉट लागतात. ८५ टक्के कार्यक्षमतेला भिंतीतून ३५३ खेचले जातील, ९० टक्क्यांना ३३३. फरक वीस वॉटचा. रोज चार तास रेंडर, वर्षाला तीनशे दिवस धरले तर चोवीस युनिट. युनिटला दहा रुपये धरा, वर्षाचे अडीचशेही होत नाहीत. गोल्डला दोन हजार जास्त पडत असतील तर ते विजेच्या बिलातून सुटायला आठ वर्षं लागतील. गोल्ड घ्यायचं तर पंखा शांत असतो, आतला माल बहुधा बरा असतो म्हणून घ्यावं. पण ८० प्लसचं स्टिकर मुळात कार्यक्षमतेचं आहे, टिकाऊपणाचं नाही. ब्राँझमध्येही उत्तम माल आहे आणि गोल्डमध्येही सुमार सापडतो.

म्हणून दुकानात जाताना मोबाइलवर टिपून घेतलं ते एवढंच: १२ व्होल्टची एकच ओळ आणि तिची ताकद एकूण वॉटांच्या जवळपास, ८ पिनची प्रोसेसरची वायर, ६+२ ची किमान एक खरी वायर, १०५ डिग्री सोसणारे कपॅसिटर, पाच वर्षांची वॉरंटी. शेवटचं मी सर्वांत जास्त मानतो. कंपनीला आपल्या मालाबद्दल काय वाटतं ते जाहिरातीत नाही, वॉरंटीच्या वर्षांत कळतं.

काकूंची हरकत राहिलीच होती. पितृपक्ष चालू आहे, नवी वस्तू घरात आणायची नाही. मी म्हटलं, काकू, ही खरेदी नाही, दुरुस्ती आहे. काका पुटपुटले, "अंक वेळेवर गेला नाही तर संपादक माझंच श्राद्ध घालतील." परवानगी मिळाली.

मंगळवार, १६ सप्टेंबर

टिळक रोडच्या बाजूला दोन दुकानं. पहिल्यात, "साहेब, ७५०च घेऊन टाका, फ्युचर प्रूफ." १२ व्होल्टला किती अँपिअर विचारलं तर त्यांनी डबा उलटसुलट केला आणि किंमत सांगितली.

दुसऱ्या दुकानातल्या पोरानं न विचारता डब्याची मागची बाजू समोर धरली. ६५० वॉट, ब्राँझ, १२ व्होल्टला ५४ अँपिअर. चोपन्न गुणिले बारा, ६४८. म्हणजे आत १२ व्होल्टच मुख्य बनवतात आणि ५ व ३.३ त्यातूनच पुढे काढतात, ज्याला डीसी-टू-डीसी म्हणतात. जुन्यात १२ आणि ५ ची दोरी एकत्र बांधलेली असते. एकावर भार आला की दुसरं हलतं. ५४ हा एक आकडा वाचून आतली रचना ओळखता येते, डबा न फोडता.

मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एकच ब्रँड आपली वेगवेगळी मॉडेलं वेगवेगळ्या कारखान्यांतून बनवून घेतो; सीझनिक, सीडब्ल्यूटी, एफएसपी हे त्यातले मोठे. एक मॉडेल उत्तम म्हणजे त्याच नावाचं दुसरंही उत्तम, असं नसतं. नावापेक्षा ही ५४ ची ओळ लक्षात ठेवलेली बरी.

साडेचार हजारांच्या थोडं वर, जीएसटीसकट. पक्कं बिल, बिलावर सीरियल नंबर लिहून घेतला. डब्याचं सील समोर फोडलं.

बुधवार, १७ सप्टेंबर

इलेक्ट्रिशियननं बोर्ड उघडला. सॉकेटच्या वरच्या जाड पिनेचा स्क्रू चकचकीत कोरा, त्याला वायरच नव्हती कधी. वाड्याच्या मीटरपाशी अर्थ आहे, तिथून हिरवी वायर पट्टीतून ओढून घेतली. आता न्यूट्रल-अर्थ दीड व्होल्टच्या आत.

झिणझिण्यांचं कारण काकांना सांगितलं ते इथेही: एसएमपीएसमध्ये वीज शिरते तिथल्या फिल्टरमध्ये फेज ते बॉडी आणि न्यूट्रल ते बॉडी असे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थ असेल तर त्यांतून झिरपणारा करंट मुकाट जमिनीत जातो. नसेल तर दोघं मिळून बॉडीला मधोमध, निम्म्या व्होल्टेजवर ठेवतात. म्हणून ते ११०. करंट अगदी थोडा, त्यानं सहसा माणूस मरत नाही. पण आत कधी फेज बॉडीला टेकली तर फ्यूज उडवायला वाटच नाही. नव्या एसएमपीएसलाही हाच फिल्टर आहे, त्यामुळे नुसता डबा बदलून हे गेलं नसतं.

गुरुवार, १८ सप्टेंबर

गुरुवार म्हणजे महावितरणची देखभाल, दुपारपर्यंत पेठेत वीज नाही. बसवायला ह्याहून चांगली वेळ कुठली? काम बंद म्हणून काका शेजारी बसून टॉर्च धरायला मोकळे.

कॅबिनेट जुन्या घाटाचं, एसएमपीएस वर. नव्याची खोली १४० मिलिमीटर, जुन्याइतकीच, म्हणून अडलं नाही. लांब मॉडेल घेतलं असतं तर सीडी ड्राइव्हच्या खणावर आपटलं असतं. मागचे चार स्क्रू जाड आट्यांचे. ते सीडी ड्राइव्हच्या बारीक आट्यांच्या स्क्रूंत मिसळले की उगाच पीळ जातो, म्हणून वाटीत वेगळे.

२४ पिनचं कनेक्टर काढताना मदरबोर्ड वाकतो. एका हाताचं बोट बोर्डाच्या कडेखाली आधाराला, दुसऱ्या हातानं खटका दाबून सरळ वर. बसवताना खटका 'टक्' वाजेपर्यंत. प्रोसेसरपाशी आधी आठ भोकांत चारच पिना होत्या, आता आठही. पुतण्यानं कार्डाची वायर उचलून तिथेच न्यायला घेतली, कारण दोन्ही आठ पिनच्या आणि दोन्ही काळ्या. थांबवलं. प्रोसेसरच्या वायरीत १२ व्होल्टची बाजू कार्डाच्या वायरीच्या बरोबर उलटी असते. खाचा वेगळ्या असतात म्हणून सहज जात नाही, पण जोर लावणारे लोक आहेत. वायरीवर 'सीपीयू' आणि 'पीसीआयई' छापलंय, तेच वाचायचं. कार्डाला आता खरी ६+२, मधे कसलाही जोड नाही. तो तपकिरी जोड मी कात्रीनं तोडून टाकला, पुन्हा कुणाच्या हाती लागायला नको.

हा एसएमपीएस पक्क्या वायरींचा आहे. सुट्या वायरींचा, म्हणजे मॉड्युलर, पुढे कधी घेतलात तर जुन्याच्या वायरी नव्याला लावू नका, कॅबिनेटच्या आत हात घालायचा कंटाळा आला तरी. मदरबोर्डाकडचं टोक प्रमाण असतं, एसएमपीएसकडचं नसतं. कंपनी एकच असूनही मॉडेलागणिक बदलतं. चुकीच्या पिनेत १२ व्होल्ट गेले की पहिली जाते हार्ड डिस्क, आणि तिच्यात वर्षानुवर्षांचे अंक.

दीडच्या सुमारास वीज आली. नुसतं चालू असताना १२.०९. रेंडर आणि एक्स्पोर्ट एकदम लावलं, १२.०३. पाव तास तिथेच. काका मीटर हातात धरून बसले होते, खाली ठेवायला तयार नाहीत.

शनिवार, २० सप्टेंबर

यूपीएसची परीक्षा. ६०० व्हीएचा आहे, म्हणजे खरे ३६० वॉट. नव्या एसएमपीएसमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी (मेनमधून करंट सुरळीत खेचणारी सोय) आहे आणि स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर साइन वेव्ह, म्हणजे मेनसारखी गुळगुळीत लाट, देत नाही, पायऱ्यापायऱ्यांची देतो. ह्या दोघांचं नेहमी पटतंच असं नाही, म्हणून आधीच सगळं सेव्ह करून मेन बंद केला.

पानं लावताना भिंतीतून मॉनिटरसकट ९० वॉट. यूपीएसनं व्यवस्थित धरलं. रेंडर चालू असताना ३४५. मेन बंद करताच एक लांब बीप आणि सगळं गप्प. १५ वॉटांच्या फटीत तो तरंग आणि पीएफसी सावरले नाहीत.

मोठा साइन वेव्ह यूपीएस अंकाचे पैसे आल्यावर. तोवर पुतण्याच्या कार्डाला आफ्टरबर्नरमधून (कार्डाची सेटिंगं बदलणारं सॉफ्टवेअर) पॉवर लिमिट ७५ टक्के. भिंतीतून २९० च्या घरात आलं, रेंडर किंचित लांबलं, आणि पुन्हा मेन बंद करून पाहिला तर यूपीएस टिकला. पुतण्या थोडा नाराज, पण लग्नातल्या पाहुण्यांना व्हिडिओ दहा मिनिटं उशिरा मिळाला तर चालतं.

बुधवार, १ ऑक्टोबर

खंडेनवमी. काकूंनी मशीनला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. माळ एसएमपीएसच्या पंख्यासमोरून बाजूला सरकवली आणि कुंकू जाळीच्या आत नको अशी विनंती केली. मान्य झाली.

बुधवार, ८ ऑक्टोबर

अंक छपाईला गेला. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १८ तारखेनंतर ४१ फक्त यूपीएस मुद्दाम पाडला त्याची. १२ व्होल्ट पुन्हा मोजले, लोडवर १२.०३, हललेले नाहीत. जुन्या एसएमपीएसच्या सगळ्या वायरी बुंध्याशी कापल्या आणि तो ई-कचऱ्यात दिला. वायरी शाबूत ठेवल्या तर तो झटकून पुन्हा कुठल्यातरी कॅबिनेटात बसतो. बिलाची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून कॅबिनेटच्या आतल्या पत्र्याला चिकटवली, मूळ बिल काकांच्या कपाटात. राहिलं काम: साइन वेव्ह यूपीएसचे भाव, दिवाळीनंतर.